कार्डावरचा सातवा प्रश्न

९ जानेवारी

चिमे,

फोन तू उचलत नाहीस, आणि दुसऱ्या कुणाच्या फोनवरून करून तुला फसवणं मला जमणार नाही, म्हणून हे पत्र. दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण घराचा पत्ता माझ्याकडे नाही. सख्ख्या बहिणीचा पत्ता सहा वर्षं माहीत नसणं, हे मी दुसऱ्या कुणाच्या घरात पाहिलं असतं तर त्या घराला चार शब्द सुनावून आले असते.

काम सांगते आणि संपवते. माझे केस तुटताहेत. गळत नाहीत, तुटताहेत. फरक तुला कळेल. मंगळवारी ड्यूटी संपली, टोपी काढली, पिन ओढली, तर डाव्या कानावरची बट पिनेबरोबर हातात आली. मुळापासून नव्हे, मधूनच, जळलेल्या सुतासारखी. वॉर्डातली शिकाऊ परिचारिका समोर होती, तिने तोंडावर हात ठेवला. मी तिला म्हटलं, रुग्णासमोर असं तोंड करायचं नाही. मग लक्षात आलं, इथे रुग्ण मीच आहे.

केस सरळ राहावेत म्हणून दर चार महिन्यांनी केमिकल, रोज सकाळी गरम चिमटा. सहा वर्षं. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक जागा आहे, स्वस्त आहे, तिथली बाई काही विचारत नाही. का करत होते ते तुला ठाऊक आहे. माइकसमोर उभ्या राहणाऱ्या बाईचे केस कुरळे असले की लोकांना ती विस्कटलेली दिसते, आणि विस्कटलेल्या बाईचं कुणी ऐकत नाही. हे मी ठामपणे मानत होते. आता मानते की नाही, ते विचारू नकोस.

त्वचेचे डॉक्टर म्हणाले, सगळे कापून टाका. औषधाच्या दुकानातला म्हणाला, कापू नका, ही बाटली घ्या. मेट्रनबाई म्हणाल्या, अंडं लावा. मी तीन पुस्तकं आणून वाचली, तिघांचं एकमेकांशी पटत नाही. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की वाचलं की माणसाला वाट दिसते. मला पाच वाटा दिसताहेत.

तू हे काम करतेस. काय करू, तेवढं कळव.

आई तशी बरी आहे. म्हणजे खाते, झोपते, खिडकीशी बसते. मला कधी माझ्या नावाने हाक मारते, कधी तिच्या बहिणीच्या. तुझं विचारते. मी सांगते, कामात आहे.

सहा वर्षांपूर्वी त्या सभेत जे झालं त्याबद्दल इथे लिहीत नाही. जे बोलले ते तत्त्व म्हणून बोलले होते.

ताई


१७ फेब्रुवारी

चिमे,

पाकीट मिळालं. आत पत्र नाही, 'ताई' नाही, एक छापील कार्ड. नवीन ग्राहकाने भरून द्यायचं, दहा प्रश्नांचं. 'नवीन ग्राहक' या चौकटीत तुझ्या हातची बरोबरची खूण, एवढंच तुझं अक्षर. शेपूट लांब ओढायची सवय गेलेली नाही.

ठीक आहे. ग्राहक तर ग्राहक. भरलेलं कार्ड सोबत आहे. पण ओळी फार लहान आहेत आणि मी लहान ओळीत मावत नाही हे तू जाणतेस, म्हणून इथे थोडं जास्त लिहिते.

तिसरा प्रश्न, शेवटचं केमिकल कधी. नोव्हेंबरमध्ये. चौथा, आजवर किती वेळा. मोजले नाहीत, वीस तरी असतील. पाचवा, कुणाकडून. तिथे मी त्या गल्लीचं नाव लिहिलं आहे. पण ते अर्धंच उत्तर झालं. त्याआधी अकरा वर्षं तुझ्याकडून. आणि तुझ्या हातून एक केस तुटला नाही, हेही लिहायला हवं.

सभेच्या पहाटेही तूच केलेस. पाच वाजता माझ्या स्वयंपाकघरात, मला स्टुलावर बसवून, दीड तास. मी मांडीवर कागद घेऊन भाषण पाठ करत होते. तू दोनदा म्हणालीस, ताई, मान हलवू नकोस. मग तू चहाही न घेता सभेला आलीस, तिसऱ्या रांगेत बसलीस. आणि मी काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द पाठ आहे, कारण ते मी तुझ्या हाताखाली बसूनच पाठ केलं होतं. बायकांना आरशापुढे बसवून त्यांची डोकी सरळ करून देण्याचा धंदा ज्या बायका करतात, त्यांनी आमची डोकी रिकामी ठेवली. सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. मला वाटलं, वाक्य जमलं. टाळ्या थांबेपर्यंत मी समोर पाहिलं, तर तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची रिकामी.

केस मात्र रात्रीपर्यंत सरळ राहिले.

मी ते वाक्य तुझ्यासाठी लिहिलं नव्हतं. खरं सांगते, लिहिताना तू माझ्या डोक्यातच नव्हतीस. हे सांगून मी सुटते आहे की अजून रुतते आहे, मला कळत नाही.

सातवा प्रश्न: केसांना पहिल्यांदा उष्णता कधी दिली, कुणी, कशाने. तिथे लिहिलं आहे, आठवत नाही, लहान असेन.

ताई


२८ मार्च

चिमे,

कार्ड परत आलं. सातव्या उत्तराभोवती लाल रेघ. बाकी नऊ उत्तरांना हातही लावलेला नाही.

हे काय आहे? तुझ्या दुकानात गिऱ्हाइकाचे केस बघतात की त्याला परीक्षेला बसवतात? मी मंत्र्यांच्या दालनात उभी राहून उत्तरं मागितली आहेत, मला लाल शाईची भीती नाही. आठवत नाही म्हणजे आठवत नाही.

आणि इथे माझं काय झालं आहे ते ऐक. तू काही सांगेनास, म्हणून मी सगळ्यांचंच ऐकलं. सोमवारी अंडं. बुधवारी औषधवाल्याची बाटली, तीही प्रथिनांचीच निघाली. शुक्रवारी एका पुस्तकाप्रमाणे शाम्पू बंद, नुसतं पाणी. रविवारी दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे तेल लावून डोक्याला गरम टॉवेल. पहिल्या आठवड्यात केस तारेसारखे ताठ झाले, वाकवले की कट्कन तुटायचे. दुसऱ्या आठवड्यात उलट, ओढले की लांब होतात आणि तसेच लोंबतात, शिजून लगदा झालेल्या शेवयांसारखे. टाळूवर पुरळ. ते कशामुळे आलं ते सांगता येत नाही, कारण संशयित चार आहेत.

कापू की नको? धुऊ की नको? केसांना उपाशी ठेवायचं की भरवायचं? काल परिचारिकांच्या संघटनेच्या बैठकीत पाळ्यांच्या वेळापत्रकावर बोलायला उभी राहिले, आणि पहिल्यांदाच मधेच थांबले. पुढचं वाक्य आठवत होतं. पण ते म्हणावं का, हे ठरेना. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी डोक्यावरचा रुमाल नीट करत होते. अध्यक्षांनी पाणी पुढे केलं आणि तब्येतीचं विचारलं. मी म्हटलं, केस आहेत. त्यांना वाटलं मी कोर्टातल्या केसबद्दल बोलते आहे, ते म्हणाले, तारीख कधी आहे?

मलाही तेच विचारायचं आहे.

ताई


६ जून

चिमे,

एप्रिलच्या सुरुवातीला तुझा डबा आला. रुंद दातांचा कंगवा आणि चिठ्ठी. चिठ्ठी मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे:

'एका वेळी एकच बदल. चार आठवडे. बाकी सगळं बंद. एप्रिल: आठवड्यातून दोनदा सौम्य शाम्पू, फक्त टाळूला. मे: धुतल्यावर कंडिशनर, ते केसांत असतानाच विंचरणं, टोकांपासून वर. जून: टॉवेलने चोळणं बंद, जुना सुती टी-शर्ट. गरम काहीही नको. कापणं नंतर. सातवा प्रश्न राहिला आहे.'

पहिलं वाक्य वाचून मी स्टुलावर बसले. दोन नवी औषधं एकाच दिवशी सुरू करायची नाहीत, नाहीतर पुरळ कुठल्याने आलं ते कळत नाही, हे तीस वर्षं नव्या मुलींना मी शिकवते. मुलींना पाठ आहे. मला माझ्या डोक्यासाठी ते सुचलं नाही.

दोन महिने मी तुझं मुकाट्याने ऐकलं. तू हसशील, मी कुणाचंही मुकाट्याने ऐकू शकते हे ऐकून. पुरळ गेलं. तुटणं कमी झालं, थांबलं नाही. आणि मुळापासून जे येतंय ते कुरळं आहे. चांगलं चार बोटं कुरळं, आणि त्याखाली जुने सरळ, पिंगट, मेलेले. दोन्हींच्या मधे एक रेघ आहे, नेमकी तिथेच ते तुटतात. आरशात बघते तेव्हा वरून एक बाई सुरू होते आणि खाली दुसरीच संपते. कुठली मी, हे मला सकाळी सहाला ठरवता येत नाही. शिकाऊ मुलगी म्हणाली, सिस्टर, छान दिसताय. मी तिला म्हटलं, तापाचे तक्ते पूर्ण कर.

आई हल्ली माझ्या डोक्याकडे टक लावून बघते. मी खोलीत गेले की तिचा चेहरा उजळतो, आणि मी बोलायला लागले की गोंधळतो.

सातव्या प्रश्नाचं म्हणशील तर, घरातली इस्त्री असावी. कपड्यांची. एवढंच लिहिते.

ताई


२२ ऑगस्ट

चिमे,

हे पत्र मी तीनदा फाडलं आहे. सरळ सांगते, कारण फिरवून सांगायला गेले की मी भाषण करते.

रविवारी केस धुतले आणि टी-शर्टात गुंडाळून वाळवले. पाऊण केस आता कुरळे आहेत, सरळ टोकं आत दुमडली की दिसतही नाहीत. तशीच आईला जेवायला घेऊन गेले. ती खिडकीशी होती. मला बघून तिने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "आलीस का गं चिमे?"

मी म्हणायला हवं होतं, आई, मी आहे. मी ताट खाली ठेवलं आणि तिच्यापुढे बसले. तिने माझ्या केसांत बोटं घातली. मला आठवत नाही तिने माझ्या केसांत कधी अशी बोटं घातली होती. म्हणून मी बोलले नाही. हे कारण म्हणून लिहीत नाही, जे झालं ते लिहिते आहे.

मग तिने मला जवळ ओढलं आणि हळू आवाजात, जणू मी शेजारच्या खोलीत आहे आणि ऐकेन, असं सांगितलं. "त्या दिवशी इस्त्री तू नव्हती फिरवलीस. सकाळी तुझे केस कापले तेव्हा मला माहीत नव्हतं गं. दुपारी स्पर्धेला गेले, तर ती व्यासपीठावर सरळ केस करून उभी. मी काय आंधळी होते? पण तिला बक्षीस मिळालं होतं. सगळे टाळ्या वाजवत होते. मी पण वाजवल्या. मग तुला कधी सांगितलंच नाही. तू रागावलीस का माझ्यावर?"

आणि मी म्हणाले, नाही.

चिमे, मी तुझ्या वतीने नाही म्हणाले. तू रागावली आहेस की नाही, हे मला माहीत नाही. तुला मी कधी विचारलं नाही. चाळीस वर्षं आईकडे तुझ्या नावाची माफी पडून होती, ती मागायला आई आली, आणि दारात उभं राहून मी ती देऊन टाकली. तिने माझा हात दाबला आणि सगळं जेवली. गेल्या कित्येक महिन्यांत ती इतकी जेवली नव्हती.

मी चोरी केली की तिची सेवा केली? लोकांसमोर उभी राहून मी अशा प्रश्नांची उत्तरं एका दमात दिली आहेत. आता मला आईच्या खोलीत जायची भीती वाटते. ती रोज मला तुझ्या नावाने हाक मारते. मी रुमाल बांधून जाते तेव्हा तिला मी कुणीच वाटत नाही. केस पुन्हा सरळ केले तर मी परत मी होईन, पण ती मग तिचं बोलणं कुणाशी बोलणार? उरलेली सरळ टोकं कापून टाकली तर मी पुरती तूच होईन, आणि तुला यायची गरजच उरणार नाही. म्हणून कात्रीला हात लावलेला नाही.

ती अजून ओळखते तोवर ये. माझ्यासाठी नको येऊस.

ताई


३० ऑगस्ट

चिमे,

सोबत कार्ड. लाल रेघेच्या आत जागा नव्हती म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं आहे. पत्र टपालात हरवलं तर म्हणून इथेही उतरवते.

प्रश्न सात. केसांना पहिल्यांदा उष्णता कधी दिली: मी चौदा वर्षांची असताना, आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेच्या सकाळी. कशाने: कपड्यांच्या इस्त्रीने, पलंगाच्या कडेवर केस पसरून. कुणी: मी. कुणाच्या केसांना: आधी धाकट्या बहिणीच्या. ती नऊ वर्षांची होती. तिचे केस माझ्यासारखेच होते आणि इस्त्री किती गरम लागेल ते मला बघायचं होतं. डावी बाजू जळली, कानाची पाळी भाजली. वास आला म्हणून आई धावत आली. मी इस्त्री पलंगावर ठेवली होती आणि बहिणीकडे पाहिलं होतं. बहीण म्हणाली, मीच केलं. मी तिच्या कानात सांगितलं होतं, संध्याकाळी आईला खरं सांगते. आईने तिचे केस टाळूपर्यंत कापले. दोन दिवसांनी शाळेत वर्गाचा फोटो निघाला, त्यात ती नाही. आई कामावर गेल्यावर मी इस्त्री थोडी थंड होऊ दिली आणि माझ्या केसांवर फिरवली. किती थंड हवी ते मला आता कळलं होतं.

विषय होता 'सत्याचे सामर्थ्य'. पहिला क्रमांक.

त्या संध्याकाळी मी आईला काही सांगितलं नाही. त्यानंतरच्या कुठल्याच संध्याकाळी नाही. मी आयुष्यभर बोलत आले, आणि जे एक वाक्य माझ्यावर होतं ते बोलले नाही.

तुला हे सगळं माहीत होतं. मग लाल रेघ कशाला, हे मला आधी कळत नव्हतं. आताही नीटसं कळलंय असं म्हणवत नाही.

ताई


४ नोव्हेंबर

चिमे,

तू आलीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. जे झालं ते तुझ्यासमोरच झालं, मग लिहायचं काय? पण तू माझ्या मागे उभी होतीस. तुला आईचा चेहरा दिसत होता, मला तुझा दिसत नव्हता. तुला काय दिसलं ते मला माहीत नाही. मला काय दिसलं ते लिहिते.

दार उघडलं तेव्हा मी तुला क्षणभर ओळखलं नाही. डोक्यावर बोटभर पांढुरके केस, कान उघडे, डाव्या पाळीवरचा तो गुळगुळीत डाग उघडा. मी इतके महिने माझ्या आरशात तुझे केस वाढवत होते, आणि तू ते कधीच कापून मोकळी झालेली. पिशवी खाली ठेवून तू फक्त म्हणालीस, "स्टूल कुठंय?"

मग तू मला आईच्या खोलीतच खिडकीजवळ बसवलंस, खांद्यावर चादर टाकलीस. आईने तुझ्याकडे बघून मला विचारलं, ही केस कापणारी बाई घरी येते का. तू हो म्हणालीस. नुसतं हो. मला वाटलं तू सांगशील. मग वाटलं, तू का सांगावंस?

ओल्या केसांत तुझा कंगवा फिरला, टोकांपासून वर. पहिली सरळ बट खाली पडली. आणि आई, जिला सकाळचं जेवण आठवत नाही, तुला उद्देशून बोलायला लागली. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली की ही माझी धाकटी, जपून काप, हिचे केस मी एकदा फार वाईट कापले होते, हिची चूक नसताना. तुझी कात्री थांबली. पाण्याचा एक थेंब माझ्या मानेवरून पाठीत उतरला तो मला अजून जाणवतो.

चाळीस वर्षं झाली, संध्याकाळ झाली नव्हती. मी मान न हलवता म्हणाले, "आई, मी मोठी आहे. इस्त्री मी फिरवली होती. तुझी धाकटी ही, मागे उभी आहे."

मला वाटलं होतं, हे वाक्य म्हटलं की काहीतरी कोसळेल किंवा उजाडेल. तसं काही झालं नाही. आईने तुझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. डोक्याकडे, मग कानाकडे. तिच्या कपाळावर आठी आली आणि तिने विचारलं, "मग हिचे केस कुणी कापले?"

आणि तू म्हणालीस, "मीच केलं, आई."

त्याच आवाजात. नऊ वर्षांच्या. आणि कात्री पुन्हा सुरू झाली.

आईने मान डोलावली आणि खिडकीबाहेर पाहायला लागली. तिला काय समजलं, देव जाणे. तुला काय वाटलं तेही मला सांगता येत नाही. जाताना तू चहा घेतलास. आईच्या केसांतून तोच कंगवा फिरवलास आणि तो तिच्या उशीशी ठेवलास. मला म्हणालीस, आठवड्यातून दोनदाच धू, आणि टोपीच्या आत सुती फडकं लाव. सभेबद्दल बोलली नाहीस. मी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणालीस, ताई, एका वेळी एकच.

केस आता कानापर्यंत आहेत आणि सगळे कुरळे. काल बैठकीत तशीच गेले. अध्यक्ष बघत राहिले, पण त्यांनी ऐकलं. आई मला आज सकाळी तुझ्या नावाने हाक मारते की माझ्या, याची वाट पाहत मी दारात थांबले. ती म्हणाली, "कोण गं तू?" मी म्हटलं, मोठी. ती म्हणाली, बरं.

आता माझा एक प्रश्न. तुझ्या कार्डावर तो नाही, म्हणून या पत्राच्या तळाशी ओळ आखून देते आहे, भरून पाठव. तुझे केस कुणी कापले, कधी, आणि का? तू आईला सांगितलंस ते खरं होतं की तेव्हासारखं पुन्हा कुणाला तरी वाचवलंस, हे मला कळलेलं नाही.

'आठवत नाही' असं लिहिलंस तर कागद परत येईल. लाल पेन घेऊन ठेवलं आहे.

ताई